नंबर बदलला, हिशेब बुडाला

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक नाला आहे. 2012 च्या पालिका निवडणुकीत मते मागायला आलेल्या उमेदवाराने तो बांधून देण्याचे वचन दिले आणि ते निवडूनही आले. पाच वर्षांनी, 21 फेब्रुवारी 2017 रोजी, त्याचा जाब मतपेटीतून विचारावा म्हणून मी केंद्रावर गेलो, तर आमचा वॉर्डच जागेवर नव्हता! प्रभागरचना नव्याने झाली होती. आमची गल्ली शेजारच्या प्रभागात गेली होती आणि नगरसेवक महाशय तिसऱ्याच प्रभागात उभे होते. नाला मात्र होता तिथेच होता.

मुलुंड 1957 साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. आमचा ‘टी’ विभाग कायम आहे. पाण्याची तक्रार घेऊन जायचे ते त्याच कार्यालयात. निवडणुकीच्या प्रभागाला मात्र असे स्थैर्य नाही. 2017 ला शहर भागातील सात जागा कमी होऊन पश्चिम उपनगरांना पाच आणि पूर्व उपनगरांना दोन वाढीव जागा मिळाल्या. लोकवस्ती उपनगरांकडे सरकली होती, तेव्हा हे न्याय्यच होते. याबद्दल उपनगरवासीयाने तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

पण पुढचा खेळ पाहा. 2021 च्या नोव्हेंबरात जागा 227 वरून 236 करण्याचे ठरले. सरकार बदलताच, 2022 च्या ऑगस्टमध्ये, त्या पुन्हा 227 झाल्या. मधल्या काळात नवी जनगणना झालेली नव्हती. आकडे 2011 चेच; बदलले ते सत्ताधारी. दरम्यान मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. 15 जानेवारी 2026 ला मतदान होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षे, देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत जाब विचारायला एकही नगरसेवक नव्हता.

आरक्षणाच्या सोडतीचेही तसेच. राखीव जागांमुळे सभागृहाचा चेहरा बदलला. 2012 पासून 227 पैकी 114 जागा महिलांच्या झाल्या, हे मोठेच काम झाले. परंतु दर निवडणुकीला चिठ्ठी निघते आणि निवडून आलेल्या बाईंनाही पुढच्या खेपेस आपला प्रभाग राहील याची खात्री नसते. ज्याला परत त्याच दारात यायचे नाही, त्याने नाला कशासाठी बांधावा? त्यापेक्षा पुढचा प्रभाग हेरून ठेवणे शहाणपणाचे. जागा आळीपाळीने राखीव ठेवता येतील, असे घटनेच्या 243-टी कलमात म्हटले आहे; ती पाळी दर पाच वर्षांनीच बदलली पाहिजे, असे बंधन तिथे नाही.

माझे म्हणणे साधे आहे. प्रभागांच्या सीमा जनगणनेनंतर एकदाच आखाव्यात आणि आरक्षण किमान दोन मुदती टिकावे. म्हणजे महिलांचा आणि मागासवर्गीयांचा हक्कही राहील आणि मतदाराचा हिशेबही.

मतदान म्हणजे नुसती निवड नव्हे. मागच्या पाच वर्षांची ती तपासणीही आहे. पंचावन्न हजार वस्तीच्या प्रभागात नगरसेवकाला तोंडावर विचारणे शक्य असते, हीच तर स्थानिक स्वराज्याची खुबी. शाळेत दर वर्षी वर्ग बदलतो, पण प्रगतिपुस्तक विद्यार्थ्याबरोबर जाते. आमच्या नगरसेवकांचा वर्ग बदलतो आणि प्रगतिपुस्तक जुन्या बाकावर राहून जाते.

जानेवारीत मी पुन्हा मत दिले. जाताना नाला ओलांडूनच गेलो.