आकडा आणि पकड

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर अँटीबॉडीच्या रिपोर्टला गुणपत्रिकेची कळा आली होती. ‘माझ्या आठशे आल्या, तुमच्या किती?’ मे २०२१मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावले, की या चाचणीवरून आपण किती सुरक्षित आहोत हे ठरवू नका. आकड्याची हौस काही फिटली नाही.

त्या आकड्यावरून अँटीबॉडी किती आहेत याचा अंदाज येतो. अँटीबॉडी विषाणूला किती घट्ट धरतात, हे वेगळे तपासावे लागते. संसर्गानंतर पहिल्या फेरीत तयार होणाऱ्या अँटीबॉडी म्हणजे घाईची भरती. चिकटतात, पण सैल. खरे काम पुढे लसिकाग्रंथींत चालते. तिथल्या बी-पेशी अँटीबॉडीच्या जनुकात भराभर बदल करत राहतात. पुष्कळसे बदल वाया जातात. पण ज्या पेशीची पकड सुधारते तिला टी-पेशींची मदत मिळते, ती वाढते, बाकीच्या मरतात. हर्मन आयझेन आणि ग्रेगरी सिस्किंड यांनी १९६४मध्ये सशांवरच्या प्रयोगांतून ही घट्ट होत जाणारी पकड मोजून दाखवली. आज प्रयोगशाळेत युरियाने धुऊन पाहतात: सैल अँटीबॉडी सुटतात, घट्ट टिकतात. गरोदर बाईला रुबेला नुकताच झाला की जुना आहे, हे ओळखायला हीच युक्ती वापरतात.

कोविडनंतर हे काम महिनोन्महिने चालते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या मिशेल नुसेन्झ्वाइग यांच्या गटाला २०२१मध्ये दिसले, की सहा महिन्यांत रक्तातल्या अँटीबॉडी घटल्या, पण स्मृती राखणाऱ्या बी-पेशी टिकल्या आणि त्यांच्या अँटीबॉडी अधिक कसलेल्या निघाल्या. रिपोर्टमधला आकडा उतरत होता तेव्हा आत मुरणे चालूच होते. उतरत्या आकड्याने घाबरणे चूक, ते एवढ्यासाठी.

चढत्या आकड्यावर विसंबणे मात्र जास्त महाग पडू शकते. १९६०च्या दशकात अमेरिकेत आरएसव्ही या श्वसनविषाणूवरची लस तान्ह्या मुलांना दिली गेली. अँटीबॉडी तयार झाल्या, तरी पुढे खरा संसर्ग झाल्यावर ही मुले अधिकच आजारी पडली; दोन दगावली. अँटीबॉडींची कच्ची राहिलेली पकड हे त्याचे एक कारण पुढच्या संशोधनात मांडले गेले. कोविडच्या लसींत असे घडले नाही, हेही इथेच सांगायला हवे.

शिवाय पकड मुरते ती आधी भेटलेल्या आकारावर. नोव्हेंबर २०२१मध्ये ओमायक्रॉन आला, तो स्पाइक प्रथिनात तीसहून अधिक बदल घेऊन. आठशेवाल्यांनाही पुन्हा ताप आला.