उसना आवाज

मोहर्लीच्या प्रवेशद्वारापाशी आमच्या धर्मग्रामातील युवकांनी आपापले मोबाईल बाहेर ठेवले, तेव्हा त्यांचे चेहरे उतरले होते. ताडोब्याच्या गाभ्यात मोबाईल नेता येत नाही. पहिला अर्धा तास चुळबुळीत गेला. मग गाईडने जिप्सी थांबवून ओठांवर बोट ठेवले. दूर कुठे सांबर ओरडले, पाठोपाठ वानराने धोक्याची हाक दिली. वाघ कोणत्या बाजूस आहे, हे त्या माणसाने कानांनी जाणले. वाघ काही दिसला नाही. पण आमची मुले ऐकायला शिकली, असे मला वाटले.

परतीच्या प्रवासात तो भ्रम फिटला. बसमध्ये स्पीकर कर्कशपणे सुरू झाला. रागावण्यासाठी मी उठलो आणि पुन्हा बसलो. कोणत्या तोंडाने रागावणार? आदल्याच रविवारी आमच्या मंदिरात प्रवेशगीतापासून समाप्तिगीतापर्यंत ध्वनिमुद्रित साथ वाजली होती. यंत्र आपल्या वेगाने धावले, वृद्ध माणसे मागे पडली आणि दुसऱ्या कडव्यापासून बहुतेकांनी ओठ मिटले. त्या यंत्राला परवानगी मीच दिली होती.

वाचकहो, हे केवळ मंदिरात घडते असे नाही. घरोघरी जपमाळही आता मोबाईलवर लावली जाते. मोबाईल प्रार्थना करतो आणि आपण आपापल्या कामात असतो. प्रार्थना आपण दुसऱ्याकडून उरकून घेऊ लागलो आहोत.

‘काळाबरोबर चाला, नाहीतर तरुण पळतील,’ असे मला ऐकवले जाते. मी लोकरंजनाचा वैरी नाही. आमच्या या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. पेटी-तबल्याची जिवंत साथ असते, नट स्वतः गातो आणि थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात. त्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेथे तरुण पळत नाहीत. मग पवित्र मिस्सेलाच उसना आवाज का लागावा?

‘वाजवणारा कोणी नाही,’ ही दुसरी सबब. वाजवणारा नसेल तर गळा आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापून आलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी ओवी निवडली, तिला यंत्र नको, माणसाचा कंठ पुरे. रोमने ३ सप्टेंबर १९५८ च्या सूचनापत्रात उपासनाविधीत ग्रामोफोनसारखी आपोआप वाजणारी साधने निषिद्ध ठरवली होती. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयी जो दस्तऐवज जाहीर केला, त्यात भाविकांच्या सक्रिय सहभागात गायनाबरोबर पवित्र मौनाचीही गणना केली. आम्ही मात्र दोन्ही गमावले: गायन यंत्राला दिले आणि मौनाची भीती वाटते म्हणून तेथेही सूर भरले.

बेसूर गाणाऱ्या आजीबाईंचा आवाज देवाला चालतो. तो चालत नाही तो आम्हाला. येत्या आगमनकाळापासून आमच्या वेदीजवळचे ते यंत्र बंद राहील. पहिले काही रविवार फार ओके-बोके वाटतील. वाटू द्यावेत. मोहर्लीच्या रानातही पहिला अर्धा तास असाच गेला होता.