मातीची साक्ष

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे प्राचीन वसाहतीचे स्थळ आहे. १९७४ साली तेथे एक भिल्ल शेतकरी झुडपाची मुळे खणीत असता मातीखाली धातूच्या चार मूर्ती लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ! रथावर एक पुरुष उभा आहे. या मूर्ती पोकळ नाहीत. त्या भरीव ओतलेल्या असून त्यांचे एकूण वजन साठ किलोंहून अधिक भरते.

गेंडा व रेडा यांना चाके आहेत. हत्तीची चाके हरवली असली, तरी आस बसविण्याची सोय दिसते. त्यावरून हे प्राणी मिरवणुकीत ओढून नेत असावेत, असा तर्क केला जातो. मोहेंजोदडो येथील एका प्रसिद्ध मुद्रेवर आसनस्थ पुरुषाभोवती हत्ती, वाघ, गेंडा व रेडा कोरलेले आहेत. त्यांपैकी तीन प्राणी येथेही असल्यामुळे रथातील पुरुष म्हणजे पशुपतीच होय, असे काहींना वाटते. कल्पना मोहक खरी. परंतु मोहक कल्पना म्हणजे पुरावा नव्हे.

मग पुरावा कोठे मिळतो? वस्तू कोणत्या थरात व कोणत्या खापरांशेजारी पडली होती, यावरून तिचा काळ ठरतो. या मूर्ती थर तपासून बाहेर काढलेल्या नव्हत्या. म्हणूनच काही पुरातत्त्वज्ञ त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात, तर काहींना धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून हे मत मान्य होत नाही.

यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? तो मुळे खणीत होता, मूर्ती शोधीत नव्हता. मूर्ती मोडीत गेल्या नाहीत, हेच महाराष्ट्राचे भाग्य! तथापि पुढे असे काही सापडेल, तेव्हा केवळ भाग्यावर विसंबून चालणार नाही. जुनी मूर्ती दिसताच कोणाचे हात जोडले जातात, तर कोणाची दृष्टी तराजूकडे वळते. भक्ती आणि लोभ ही परस्परांहून अगदी भिन्न. पण वस्तू जागेवरून हलविण्याची घाई दोघांनाही होते. सापडलेल्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे. तो पाळणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होय. नांगराच्या फाळाला काही अडले, तर फाळ थांबवावा, वस्तू जागीच राहू द्यावी आणि जाणत्यांना बोलवावे. मूर्तीबरोबर तिच्याभोवतीची मातीही साक्ष देत असते. ती एकदा उपसली, की पुन्हा बोलत नाही.