विमान आणि आगगाडी यांच्यामधले पाच तास

आपल्या कापड बाजारातील तरुण मंडळी आता माल घेऊन स्वतः परदेशी जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जावे, लंडनच्या घाऊक गिऱ्हाइकाला भेटावे, पॅरिसला नमुने दाखवावेत, असे बेत भिवंडी-मालेगावच्या पेढ्यांवर आखले जातात. परंतु विमानाच्या भाड्यात हजार रुपये कमी करण्यासाठी दहा ठिकाणी चौकशी करणारा व्यापारी, विमानातून उतरून दुसऱ्या देशाची आगगाडी पकडण्यामध्ये वेळ किती ठेवला आहे हे विचारीत नाही. नुकसान नेमके तेथेच होते.

लंडनचेच उदाहरण घ्या. तेथून पॅरिसला समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी युरोस्टार गाडी १९९४ साली सुरू झाली आणि २००७ पासून ती सेंट पँक्रस स्थानकातून सुटते. सुमारे सव्वादोन तासांत पॅरिस येते. मुंबईचा एजंट सांगतो, "विमान बारा वाजता उतरेल, अडीचची गाडी आरामात मिळेल." आता हिशोब मांडून पाहू.

विमान बारा वाजता वेळेवर उतरले असे समजा. पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यांत दीड तास धरावा. हीथ्रो विमानतळाहून पिकॅडिली लाईनच्या भुयारी गाडीने किंग्ज क्रॉस सेंट पँक्रसला जायला सुमारे एक तास, चालणे आणि थांबणे धरून सव्वा तास. झाले पावणेतीन. युरोस्टार ही आपल्या दादर-ठाण्याच्या गाडीसारखी धावत जाऊन पकडता येत नाही. साध्या तिकिटाच्या प्रवाशांसाठी गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीच फाटक बंद होते. त्यापूर्वी सामानाची तपासणी, ब्रिटनची नोंद आणि फ्रान्सची पासपोर्ट तपासणी असे सर्व सोपस्कार लंडनच्या स्थानकावरच होतात. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने बाहेरच्या प्रवाशांची संगणकावर नोंद घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. म्हणून सव्वा तास हातात हवाच. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी चार वाजले. विमानाला एक तास उशीर झाला की पाच. अडीचची गाडी केव्हाच गेलेली असते.

आता मुख्य मुद्दा जबाबदारीचा. विमानाचे तिकीट एकीकडून आणि आगगाडीचे दुसरीकडून घेतले, तर कायद्याच्या नजरेत तो एक प्रवास नसून दोन प्रवास असतात. विमान उशिरा आले म्हणून रेल्वे कंपनी थांबत नाही आणि सुटलेल्या गाडीचे पैसे विमान कंपनी देत नाही. मधली सारी जोखीम प्रवाशाच्या डोक्यावर. ऐन वेळचे तिकीट आगाऊ तिकिटाच्या कितीतरी पट महाग पडते. त्याहून मोठे नुकसान म्हणजे दिलेली वेळ चुकते. नवे गिऱ्हाईक आपला माल पाहण्याआधी आपली वेळ पाहते.

याउलट, विमान आणि आगगाडी यांचे जोडतिकीट एकाच आरक्षणावर मिळत असेल तर ते थोडे महाग असले तरी घ्यावे. फ्रँकफर्टला लुफ्तान्साचे आणि पॅरिसला एअर फ्रान्सचे असे जोडतिकीट मिळते. पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्येच वेगवान गाड्यांचे स्थानक आहे. तेथून लिल आणि ब्रसेल्सला थेट जाता येते. फ्रँकफर्ट विमानतळालाही लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्वतंत्र स्थानक १९९९ पासून आहे. फक्त पॅरिसलाच काम असेल तर लंडनमार्गे स्वस्त तिकिटाच्या मोहात पडूच नये. हीथ्रोला उतरून आगगाडीने पुढे जायचे म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश करणे होय. त्यासाठी दोन तासांकरिता का होईना, ब्रिटनचा व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. तसेच फ्रँकफर्टहून लंडन आणि तेथून पुन्हा पॅरिस असा बेत असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे मुंबईतच वाचून घ्यावे. एकाच प्रवेशाचा व्हिसा लंडनला निघताच संपला.

सामानाचेही पाहावे. युरोस्टारच्या साध्या वर्गात ८५ सेंटिमीटर लांबीपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक लहान हातपिशवी नेता येते. वजनाची अट नाही, पण हमालही नाही. कापडाच्या नमुन्यांच्या बॅगा आपल्यालाच ओढाव्या लागतात.

काही बांधव म्हणतील, पाच तास स्थानकावर बसून काढायचे किंवा रात्रीच्या हॉटेलचा खर्च करायचा, हे परवडणार कसे? माझे मत स्पष्ट आहे. हा खर्च मालाच्या विम्यासारखा आहे. माल सुखरूप पोहोचला म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला, असे कोणी शहाणा व्यापारी म्हणत नाही. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी सुटण्याची वेळ यांत पाच तास नसतील, तर रात्रीचा मुक्काम करून सकाळची गाडी धरावी. परतताना तर अधिक सावध राहावे, कारण मुंबईचे विमान चुकणे आगगाडी चुकण्यापेक्षा फार महाग. पॅरिसहून गाडी लंडनला पोहोचल्यावर हीथ्रोचे विमान पाच तासांनंतरचेच असावे.

ट्रॅव्हल एजंटांनाही एक विनंती आहे. तिकिटे दोन स्वतंत्र आहेत आणि मधली जोखीम प्रवाशाची आहे, एवढी एक ओळ तिकिटासोबत लिहून द्यावी. आणि एजंट देत नसेल, तर पैसे मोजण्यापूर्वी व्यापाऱ्याने ती मागून घ्यावी. सुताचा भाव पैशापैशाने तपासणाऱ्या माणसाला एवढे विचारणे जड नाही.