वजन कुणाचं, निर्णय कुणाचा?



आपल्या समुपदेशन केंद्रांवर मारहाण, पोटगी, हुंडा, संशय हे प्रश्न रोजचेच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. बाई बाकीचं सगळं बोलून होते, उठता उठता थांबते आणि विचारते, "ताई, वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेऊ का?" या प्रश्नावर आपल्यापैकी अनेकजणी गप्प होतात. कुठल्या कायद्याचं कलम सांगावं असा हा प्रश्न नाही आणि 'तुझं तू ठरव' म्हणून तिला वाटेला लावणंही बरं वाटत नाही. म्हणून या अंकात त्याविषयी बोलायचं ठरवलं.

दोघींची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पहिली ३६ वर्षांची, शिवणकाम करणारी. उंची पाच फूट एक इंच, वजन ११८ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो, जिना चढताना गुडघे साथ देत नाहीत. पथ्य, फिरणं, काढे, गोळ्या सगळं करून झालं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. नवरा म्हणतो, "तोंडाला कुलूप लाव की, फुकटात काम होईल." दुसरी २३ वर्षांची. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. साखर, रक्तदाब, पाळी सगळं ठीक. तीन स्थळांकडून 'मुलगी जाड आहे' असा निरोप आला. आता घरचे कर्ज काढायला तयार आहेत आणि मुलगीही म्हणते, "मलाच करून घ्यायचंय."

एकीला गरज आहे, तर घर आडवं येतं. दुसरीला आजार नाही, तर घर पुढे ढकलतं. दोन्हीकडे बाईच्या शरीराचा हिशेब दुसरंच कुणीतरी मांडतंय.

अशा वेळी आपल्याजवळ दोन तयार उत्तरं असतात. पहिलं असं, की 'हे सगळं सौंदर्याच्या बाजारपेठेचं कारस्थान आहे, आहेस तशी राहा.' या उत्तरामागे आपला इतिहास आहे. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हा स्त्री संघटनांनी बाईचं मोजमाप मांडणाऱ्या या व्यवहाराला विरोध केला. दुसरं उत्तर, 'तिचं शरीर, तिचा हक्क, आपण कोण बोलणार?' यामागेही चळवळीचीच शिकवण आहे. पण पहिलं उत्तर शिवणकाम करणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना आणि साखरेला लागू पडत नाही. दुसरं उत्तर २३ वर्षांच्या मुलीला तीन नकारांसह एकटीला सोडून देतं. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. आपल्याला त्या बाईबरोबर बसून माहिती घेण्याचे कष्ट पडत नाहीत.

तेव्हा आधी माहिती घेऊ. या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात. तो पुन्हा जोडता येत नाही. 'बायपास' प्रकारात जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. पोट लहान झाल्यामुळे जेवण कमी जातंच, शिवाय भूक आणि साखर यांच्याशी संबंधित संप्रेरकंही बदलतात. म्हणूनच अनेकांचा मधुमेह वजन पुरतं उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागतो. रक्तदाब, झोपेतला श्वास अडकणं, सांधेदुखी, पीसीओएसमुळे बिघडलेली पाळी यांतही फरक पडतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या एका अभ्यासात सुमारे चार हजार लठ्ठ व्यक्तींची पाहणी झाली, त्यांत बहुसंख्य बायका होत्या. शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा या शस्त्रक्रियेला सरसकट 'श्रीमंतांचे चोचले' म्हणणं चुकीचं आहे. ज्या बाईला तिची खरी गरज आहे, तिच्यावर तो अन्याय होईल.

आता दुसरी बाजू. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी हे धोके कमी प्रमाणात पण नक्की आहेत. स्लीव्हनंतर अनेकांना छातीत जळजळ होते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, काही महिने केस गळतात. त्वचा सैल होऊन लोंबते. काही वर्षांनी थोडं वजन परतही येतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात.

या शेवटच्या मुद्द्यापाशी थांबायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन जास्त आहे आणि १८.७ टक्के बायकांचं गरजेपेक्षा कमी. जाड दिसणारी बाई 'खात्यापित्या घरची' असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिचंही रक्त कमी असू शकतं. दर महिन्याला पाळी येणाऱ्या, शाकाहारी, आठवड्याला दोन उपास धरणाऱ्या बाईवर ही शस्त्रक्रिया करायची असेल, तर आधी तिचं रक्त तपासून कमतरता भरून काढली पाहिजे. पुढे तिच्या औषधांचा खर्च घरात कधीच 'बिनमहत्त्वाचा' ठरता कामा नये. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कुणाच्या गोळ्या बंद होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जेवणाचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर दिवसातून थोडं थोडं, सावकाश, नीट चावून खावं लागतं. पानातलं डाळ, अंडं, पनीर, मासे आधी आणि भात-भाकरी नंतर. जेवताना पाणी प्यायचं नाही. डॉक्टरांच्या कागदावर या चार सोप्या ओळी असतात. आपल्या घरांत मात्र बाई सगळ्यांना वाढून शेवटी ओट्याशी उभ्याने उरलंसुरलं खाते. डाळीचं पातेलं तोवर तळाला गेलेलं असतं. म्हणजे या शस्त्रक्रियेत बाईचं पोट बदलतं, पण ती टिकायची असेल तर घरातली पंगत बदलावी लागते. हे घरच्यांना कुणी सांगतं का?

तिसरी गोष्ट बाळंतपणाची. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. गंमत अशी, की वजन उतरलं की पाळी सुधारते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या अंगात पुरेशा शोषल्या जातीलच याची खात्री नसते, म्हणून तांबी, निरोध अशा साधनांचा विचार करावा लागतो. जिचं लग्न ठरावं म्हणून पोट कापलं जाणार आहे, तिला सासरी पहिल्या वर्षातच 'काही विशेष?' असं विचारलं जाणार आहे. तेव्हा ती काय सांगेल? शस्त्रक्रिया झाल्याचं तरी सासरी सांगितलेलं असेल का?

ही शस्त्रक्रिया कुणासाठी, हे बहुधा 'बीएमआय'च्या आकड्यावर ठरवतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की हा आकडा मिळतो. १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली मर्यादा ४०, किंवा गंभीर आजार असेल तर ३५ अशी होती. २०२२ मध्ये दोन संघटनांनी ती ३५ आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३० अशी खाली आणली. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ सुचवली. यात तथ्य आहे. पण परिणाम पाहा. आपल्या २३ वर्षांच्या मुलीचा आकडा २९ येतो. म्हणजे एकही आजार नसताना ती या रेषेच्या आत बसते. शिवणकाम करणाऱ्या बाईचा आकडा ४९ आहे. कागदावर दोघी 'पात्र' आहेत. आकड्याला एकीचे गुडघे दिसत नाहीत, तसे दुसरीला आलेले नकारही दिसत नाहीत. ते पाहायला माणूस लागतं.

पैशाचं बोलू. खासगी रुग्णालयात काही लाखांचा खर्च येतो. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार आरोग्यविम्यात ही शस्त्रक्रिया बसायची तर बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ किंवा त्याहून जास्त असून हृदयविकार, झोपेतला श्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह असा गंभीर आजार लागतो. तेव्हा पहिलीचा विमा असेल तर तिने पॉलिसी नीट वाचून घ्यावी, नवऱ्याचं 'पैसे नाहीत' हे शेवटचं उत्तर मानू नये. दुसरीचा सगळा भार बापाच्या कर्जावर येणार. हुंड्याची नवी नवी नावं आपण ऐकली आहेत. लग्नाआधी मुलीच्या शरीराच्या 'दुरुस्ती'चा खर्च हेही त्यातलंच एक नाव ठरू पाहतंय. २०२५ मध्ये वजन उतरवणारी इंजेक्शनंही भारतात विक्रीला आली. काहींना त्यांचा उपयोग होतो, पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत वाढतं. त्यांच्याविषयीही हेच प्रश्न विचारायला हवेत.

बाईच्या शरीरावर शस्त्र चालतं तेव्हा संमती कुणाची, हा प्रश्न आपल्या चळवळीने सतत लावून धरला आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली तेव्हा आपण रस्त्यावर आलो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. तिथे कुणी दोरीने बांधून नेलं नव्हतं. मजुरी बुडू नये, उचल फिटावी म्हणून बायका 'स्वतःहून' गेल्या होत्या. 'स्वतःहून' या शब्दाला आत किती पदर असतात, हे आपल्याला तिथून कळलं.

कायदाही जाणून असू द्या. २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिची आई संमती देऊ शकत नाही. संमती तिचीच हवी, आणि तीही उपचार, धोके, पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर. म्हणजे नवऱ्याने सही दिली नाही म्हणून पहिलीची वाट अडत नाही आणि आईबापांनी सही केली म्हणून दुसरीची संमती होत नाही.

मग आपण काय करायचं? निर्णय देणं आपलं काम नाही. निर्णय तिचा व्हावा यासाठी जागा तयार करणं हे आपलं काम आहे. तिला घरच्यांशिवाय एकटीला भेटा. हे विचारा: तुला काय त्रास होतो, तुझ्या शब्दांत सांग. लग्नाचा, नवऱ्याचा विषय उद्या संपला तरी तुला हे हवं आहे का? आजवर कोणते उपाय झाले आणि ते का सुटले, वेळ नव्हता, पैसे नव्हते, की फिरायला सुरक्षित रस्ता नव्हता? रक्त तपासलंय का? शस्त्रक्रिया न करण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितला का? ज्यांचा या शस्त्रक्रियेत फायदा नाही अशा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलंस का? पाच वर्षांनंतरही गोळ्या कोण आणणार? नंतर तुझं पान आधी वाढलं जाईल का? ती शस्त्रक्रियेला गेली तर तिच्याबरोबर जा. गेली नाही तर 'बरं झालं' म्हणून विषय मिटवू नका, तिच्या साखरेची, गुडघ्यांची चौकशी चालू ठेवा.

आणि एक आपल्या आपल्यात. आपल्या शिबिरांत, बैठकांत जाड मैत्रिणीच्या ताटाकडे पाहून थट्टा होते. 'किती बारीक झालीस, छान दिसतेस' हे आपण कौतुकाने म्हणतो. बारीक झालेली बाई आजारीही असू शकते. तिच्या वजनावर बोलण्याआधी, ताई, तू बरी आहेस ना, एवढं विचारायला आपण शिकूया.

गटातल्या चर्चा कळवा. ज्या मैत्रिणींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ज्यांनी विचारपूर्वक नाकारली, त्या दोघींच्याही अनुभवांना पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.