गाडी गेली तरी कर्ज उरतेच
हप्ते थकले की वसुलीवाले भररस्त्यात गाडी अडवतात, किल्ली काढून घेतात आणि टेम्पोवर घर चालवणाऱ्याची कमाईच थांबते. ही दांडगाई खपवून घेऊ नका. गुंडांकरवी वाहने ओढून नेण्याच्या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच फटकारले आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले. वित्त कंपन्यांच्या करारात ताब्यापूर्वीची नोटीस आणि विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी यांच्या अटी असायला हव्यात, त्या वाचा. खरा घोळ पुढे असतो. लिलावात गाडी स्वस्तात जाते आणि उरलेली रक्कम कर्जदाराच्याच नावावर राहते. बँकेने हिशेबात कर्ज निर्लेखित केले, तरी ते माफ होत नाही. वसुली चालू राहते आणि सिबिलच्या पतअहवालातला शेरा पुढचे कर्ज अडवतो. म्हणून लिलावाची किंमत आणि खर्चाचा हिशेब लेखी मागा. तडजोड केलीत तर पैसे भरण्याआधी तडजोडीचे पत्र घ्या, नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. बँकेकडे किंवा कंपनीकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही. आणि हप्ता चुकणार असे दिसताच, गाडी दारात उभी असतानाच, बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा.