पाण्याचा वारस

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाकाठचे भोई तरुण बापाची जाळी खुंटीला टांगून सुप्याच्या एमआयडीसीची वाट धरतात, हा निव्वळ त्यांचा आळस आहे, असा ठपका शेवगाव तालुक्यातील एका सभेत गेल्या आठवड्यात जाहीरपणे ठेवण्यात आला आणि समोर बसलेल्या बापांनीही माना डोलावल्या, याचा मला अतिशय संताप आला आहे. बापलेकांच्या भांडणाचे मूळ बहुधा सरकारी दप्तरात सापडते, हे माझे मत या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच.

कोकणातील कोळीवाड्यांतही हा कलह आहे, आणि तो अधिक कडवट आहे. बाप पारंपरिक डोल जाळ्यावर विसंबलेला असतो, मुलगा कर्ज काढून मोठ्या घेरजाळ्याच्या पर्ससीन नौकेत भागी शोधतो. २०१६ साली शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले तेव्हा बापाला जो न्याय वाटला तो मुलाला अन्याय वाटला. परंतु १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याने तेथे नौकेला परवाना आहे, नौका कुणाच्या तरी नावावर आहे, आणि बाप थकला म्हणजे ती मुलाकडे जाते. दोघे भांडतात ते समुद्र आपला आहे हे गृहीत धरून.

प्रवरासंगमाच्या खाली, नाथसागरावर, मात्र हे गृहीतच नाही. १९६५ साली जायकवाडीची कोनशिला बसली, पुढे गोदाकाठची गावे बुडाली. आज पाणी पाटबंधारे खात्याचे, मासळी ठेक्याची, आणि १९८६ पासून जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून वनखात्याच्याही अमलाखाली. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन मुदतीच्या पट्ट्याने मिळते, म्हणजे जिथे आजोबांची मालकी होती तिथे नातवाने अर्ज करावयाचा. चप्पूवर रात्र काढून रोहू-कटला काठावर आणणाऱ्या बापाजवळ मुलाला देण्यासारखे कौशल्य आहे, दस्तऐवज नाही. अशा घरातील मुलगा कारखान्याचे हजेरीपत्रक पसंत करतो, यात मला त्याची कर्तव्यच्युती दिसत नाही. आणि ‘पाणी सोडू नकोस’ म्हणणाऱ्या बापाची व्यथाही मला तितकीच खरी वाटते.

जिल्हाधिकाऱ्यांना आणि मत्स्यव्यवसाय खात्याला माझी विनंती आहे: काठावरील प्रत्येक मच्छीमाराच्या मुलाला मत्स्य सहकारी संस्थेचे सभासदत्व हक्काने द्या, आणि गाळपेराचा पट्टा दीर्घ मुदतीने बापलेकांच्या संयुक्त नावे करा.